व्हिटॅमिन सी पोटात गेलं, पण पुढे काय?

व्हिटॅमिन सीबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक सगळं दोनच प्रश्नांभोवती फिरतं, कशात किती असतं आणि रोज किती घ्यायचं. गोळी गिळली की ते शरीराला मिळालं असं आपण धरूनच चालतो. पण मिळालं म्हणजे नक्की कुठे मिळालं? त्याची खरी मोठी कामं पेशीच्या आत आहेत, आणि आत म्हणजे नुसतं आत पण नाही, आतल्याही आत जे छोटे छोटे कप्पे असतात ना त्यांच्यात. कोलॅजन, म्हणजे त्वचा, हाडं, रक्तवाहिन्या यांना धरून ठेवणारं प्रोटीन, तयार होतं एका कप्प्यात, नॉरॲड्रिनॅलिन हा हार्मोन दुसऱ्याच कप्प्यात, डीएनएवरच्या खुणा पुसल्या जातात तिसरीकडे, आणि या प्रत्येक ठिकाणी व्हिटॅमिन सी लागतं. तिथपर्यंत पोचायला एकामागून एक पटलं ओलांडावी लागतात आणि त्यातलं जवळजवळ एकही त्याला स्वतःच्या जोरावर ओलांडता येत नाही. मला या व्हिटॅमिनचं जे काही वेड आहे ते या प्रवासामुळेच आहे, म्हणून आज फक्त त्यावरच लिहितेय, कुठल्या फळात किती वगैरे काहीही नाही.

आधी अडचण काय आहे ते बघू. पेशीचं पटल म्हणजे मेम्ब्रेन हे चरबीचं बनलेलं असतं. त्यातून ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड असे लहान आणि बिनचार्जचे रेणू सहज जातात, पण पाण्यात विरघळणारे आणि वर चार्ज असलेले रेणू अडकतात. ॲस्कॉर्बिक ॲसिड म्हणजे आपलं व्हिटॅमिन सी, आकाराने तसं लहानच आहे, रेणूभार १७६, पण त्याच्यावर चार ओएच गट आहेत त्यामुळे त्याला पाणी भयंकर आवडतं. शिवाय त्याचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू आपला प्रोटॉन सोडून देतात तो आकडा, साधारण ४.२ आहे आणि रक्ताचा पीएच ७.४, म्हणजे रक्तात त्याचा प्रोटॉन निघून गेलेला असतो आणि ते निगेटिव्ह चार्जवालं ॲस्कॉर्बेट झालेलं असतं. हजारात एखादाच रेणू बिनचार्जचा सापडेल. आणि पेशीची आतली बाजू पण निगेटिव्ह असते, म्हणजे तिकडूनही ढकलणंच. थोडक्यात, कोणीतरी हाताला धरून आत नेल्याशिवाय ते आत जाणार नाही.

हे नेणारे कोण हे बराच काळ माहीत नव्हतं. सोडियम असल्याशिवाय आतडं व्हिटॅमिन सी घेत नाही एवढं प्रयोगांवरून कळलं होतं, पण प्रत्यक्ष ते प्रोटीन कोणतं हे सापडलं १९९९ मध्ये. एकाच कुटुंबातली दोन प्रोटीन, एसव्हीसीटी१ आणि एसव्हीसीटी२, म्हणजे सोडियमच्या साथीने व्हिटॅमिन सी पटलापलीकडे नेणारे ट्रान्सपोर्टर. यांची गंमत म्हणजे बॅक्टेरियात याच कुटुंबातली प्रोटीन युरॅसिल वगैरे म्हणजे आरएनएचे तुकडे आत नेतात, त्यांचा व्हिटॅमिन सीशी काही संबंध नाही. उत्क्रांतीने जुनंच यंत्र घेतलं आणि त्यात बसणारा माल बदलला, असं म्हणायला हरकत नाही.

काम कसं करतात तर, पेशीबाहेर सोडियम भरपूर असतो, साधारण १४० मिलिमोलर (मोलर हे द्रावणातलं प्रमाण मोजायचं एकक, मिलि म्हणजे त्याचा हजारावा भाग, मायक्रो म्हणजे दहा लाखावा), आणि आत त्याच्या दहावा हिस्सा किंवा त्याच्या आसपास. ही तफावत पेशी मुद्दाम राखते, एक एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्च करून तीन सोडियम बाहेर फेकणारा पंप सतत चालू असतो. त्यामुळे सोडियमला आत यायची प्रचंड ओढ असते. एसव्हीसीटी त्या ओढीचा फायदा घेतो, दोन सोडियम आयन आत सोडताना एक ॲस्कॉर्बेट त्यांच्याबरोबर आत खेचून घेतो. दोन पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह, म्हणजे एकूण हिशेब पॉझिटिव्हच, त्यामुळे आतल्या निगेटिव्ह चार्जचा जो अडथळा होता तोच आता मदत करायला लागतो. मला हे फार सुंदर वाटतं. आणि याच्या जोरावर पेशी बाहेरच्या कितीतरी पट जास्त व्हिटॅमिन आत साठवू शकते. निरोगी माणसाच्या रक्तात ते साधारण ५० ते ८० मायक्रोमोलर असतं, तर मेंदूतल्या न्यूरॉनमध्ये त्याचा अंदाज १० मिलिमोलरच्या आसपास आहे, म्हणजे शंभर पटीहून जास्त.

दोघांची कामं वेगळी आहेत. एसव्हीसीटी१ मुख्यतः आतडं, किडनी, लिव्हर अशा ठिकाणी, जिथे एकदम पुष्कळ माल उचलायचा असतो, त्याची पकड थोडी सैल पण उरक मोठा. एसव्हीसीटी२ मेंदू, डोळे, ॲड्रिनल ग्रंथी, हाडं, जवळजवळ सगळीकडे, उरक कमी पण पकड घट्ट, म्हणजे रक्तात व्हिटॅमिन कमी असतानाही तो ते पकडून आत घेतो.

किडनीबद्दल जरा थांबून बोलायला हवं कारण त्याचं श्रेय तिला कोणी देत नाही. किडनी दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळते आणि व्हिटॅमिन सी लहान असल्याने त्या पाण्याबरोबर तेही गाळलं जातं. रक्तात ६० मायक्रोमोलर धरलं तर हिशेब करून बघा, दिवसाला जवळजवळ १९०० मिलिग्रॅम होतं. आणि निरोगी माणसाच्या अख्ख्या शरीरात मिळून साठा असतो साधारण दीड ते दोन ग्रॅम! म्हणजे जवळपास सगळ्या साठ्याइतकं व्हिटॅमिन रोज लघवीच्या वाटेला लागतं आणि किडनीच्या नळ्यांमधला एसव्हीसीटी१ ते परत उचलून रक्तात पाठवायच्या कामाला लावतो. उंदरांमध्ये हे जीन काढून टाकलं तेव्हा काय झालं ते २०१० मध्ये प्रसिद्ध झालं, लघवीतून जाणारं प्रमाण १८ पटीपर्यंत वाढलं आणि जन्माच्या आसपास ४५ टक्क्यांपर्यंत पिल्लं दगावली, गाभण माद्यांना जादा व्हिटॅमिन दिल्यावर ती वाचली. आणि लक्षात घ्या की उंदीर स्वतःच्या लिव्हरमध्ये व्हिटॅमिन सी बनवतो, खाण्यावर अवलंबून नाही, तरीही नुसतं गळतीमुळे ही अवस्था.

एसव्हीसीटी२ काढला तर त्याहून वाईट. २००२ मध्ये हा प्रयोग झाला, ती पिल्लं जन्मल्यावर काही मिनिटांतच गेली, श्वास घेता आला नाही आणि मेंदूत रक्तस्राव झालेला होता, मेंदूत व्हिटॅमिन सी जवळजवळ सापडलंच नाही. आई व्हिटॅमिन बनवतेय, रक्तात ते आहे, फक्त ते आत नेणारं प्रोटीन नाही. व्हिटॅमिन असणं आणि ते पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे याच्यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

मोठ्या डोसचं काय होतं तेही इथेच समजून जातं. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये मार्क लेव्हिन यांच्या गटाने ७ निरोगी तरुणांना काही महिने हॉस्पिटलमध्येच ठेवून, आधी शरीरातलं व्हिटॅमिन सी खाली आणून, मग ३० मिलिग्रॅमपासून २५०० मिलिग्रॅमपर्यंत डोस देऊन मोजमाप केलं, १९९६ मध्ये ते छापून आलं. दिवसाला ३० ते १०० मिलिग्रॅमच्या दरम्यान रक्तातलं प्रमाण एकदम वर चढतं, २०० च्या पुढे ग्राफ जवळजवळ आडवाच होतो, आणि पांढऱ्या पेशी तर १०० मिलिग्रॅमलाच भरून जातात. २०० मिलिग्रॅमचा एक डोस जवळजवळ पूर्ण शोषला जातो पण १२५० चा निम्माही शोषला जात नाही. का, तर ट्रान्सपोर्टर भरून जातात. आतड्यात त्यांची संख्या ठराविक, किडनीत ठराविक, आणि आतड्याच्या पेशी लॅबमध्ये भरपूर व्हिटॅमिनमध्ये ठेवल्या तर त्या एसव्हीसीटी१ बनवणंच कमी करतात. शिरेतून दिलं तर ही आतड्याची अडचण वगळली जाते आणि रक्तात तोंडावाटे कधीच मिळणार नाही इतकी पातळी काही वेळ मिळते, तो वेगळाच विषय आहे. पण तोंडाने घ्यायचं असेल तर एकदम भलामोठा डोस घेण्यापेक्षा थोडं थोडं घेतलेलं जास्त पोचतं, माझं तरी यावर ठाम मत आहे आणि त्याचं कारण जाहिराती नाहीत, हे ट्रान्सपोर्टर आहेत.

आता दुसरी वाट. व्हिटॅमिन सीचं काम काय तर इलेक्ट्रॉन देणं. एक दिला की मधलं एक अर्धवट रूप होतं, दोन दिले की ते डिहायड्रोॲस्कॉर्बिक ॲसिड होतं. (याला छोटं करून डीएचए म्हणतात, पण माशाच्या तेलात मिळतो तो डीएचए पूर्ण वेगळा, म्हणून मी याला नुसतं डिहायड्रो रूप म्हणते.) या रूपावर चार्ज नसतो आणि पाण्यात ते असं काही वळून बसतं की ग्लुकोजच्या ट्रान्सपोर्टरला ते ग्लुकोजसारखंच वाटतं. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधल्या गटाने बेडकाच्या अंडपेशींमध्ये ग्लुकोजचे ट्रान्सपोर्टर बसवून दाखवलं की हे डिहायड्रो रूप त्यातून आत जातं, आणि आज आपल्याला माहीत आहे की या ग्लुकोजच्या ट्रान्सपोर्टरपैकी (त्यांना ग्लूट म्हणतात) ग्लूट१, ग्लूट३ आणि ग्लूट४ हे काम चांगलं करतात.

ग्लूटला सोडियम लागत नाही, ऊर्जा लागत नाही, जिकडे कमी तिकडे माल जातो एवढंच. मग पेशीत साठा कसा होतो? तर आत शिरल्या शिरल्या ग्लुटाथायोन नावाचा पेशीतलाच इलेक्ट्रॉन देणारा रेणू आणि त्याच्या सोबतची एन्झाइम त्या रेणूला परत दोन इलेक्ट्रॉन देऊन ॲस्कॉर्बेट करून टाकतात, त्याच्यावर परत चार्ज येतो, आणि आता ते ग्लूटमधून बाहेर जाऊ शकत नाही. आतलं डिहायड्रो रूप सतत संपत राहतं म्हणून बाहेरचं आत येत राहतं. मात्र या वाटेवर दोन अडचणी आहेत. एक म्हणजे रक्तात ग्लुकोज पाच मिलिमोलर आणि डिहायड्रो रूप त्याच्यापुढे अगदीच नगण्य, एक-दोन मायक्रोमोलर असेल नसेल, म्हणजे ट्रान्सपोर्टरवर जागा मिळणंच कठीण. दुसरी म्हणजे वेळ, शरीराच्या तापमानाला आणि पीएचला याचं अर्धआयुष्य काही मिनिटांचंच आहे, तेवढ्यात कोणी वाचवलं नाही तर त्याची रिंग फुटते आणि मग ते परत कधीच व्हिटॅमिन होत नाही.

मग या वाटेचा उपयोग काय असं वाटेल, पण जिथे ऑक्सिडेशन जोरात चालू असतं अगदी त्याच जागी तिचा उपयोग आहे. न्यूट्रोफिल घ्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्यांच्यात आधीच एसव्हीसीटी२ मुळे मिलिमोलरमध्ये व्हिटॅमिन असतं. जंतू दिसला की त्या सुपरऑक्साइड वगैरे जहाल ऑक्सिडंट बाहेर सोडतात, त्याने आजूबाजूचं ॲस्कॉर्बेट डिहायड्रो रूपात जातं, ते ग्लूटमधून लगेच आत, आत लगेच परत ॲस्कॉर्बेट, आणि काही मिनिटांत पेशीतला साठा दहा पटीपर्यंत वाढू शकतो. स्वतःच सोडलेल्या ऑक्सिडंटपासून स्वतःला वाचवायची सोय त्याच ऑक्सिडंटने करून दिली! क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज नावाच्या आजारात या पेशींना सुपरऑक्साइड बनवता येत नाही आणि तिथे हा साठा असा वाढत नाही, म्हणजे यंत्रणा खरंच तशी चालते याचा तो पुरावाच.

तांबड्या पेशींची गोष्ट तर मला कितीही वेळा वाचली तरी नवी वाटते. माणसाच्या तयार तांबड्या पेशीत एसव्हीसीटी नसतो, पण ग्लूट१ खच्चून भरलेला असतो, एका पेशीवर दोन लाखांहून जास्त. एवढ्याशा पेशीला एवढं ग्लुकोज कशाला लागतं? २००८ मध्ये फ्रान्समधल्या मोंपेलिएच्या गटाने दाखवलं की तांबड्या पेशींवर ग्लूट१ असा भरलेला असतो तो फक्त त्या प्राण्यांत ज्यांना स्वतः व्हिटॅमिन सी बनवता येत नाही, माणूस आणि वरच्या दर्जाची माकडं, गिनीपिग, फळं खाणारी वटवाघळं. उंदराच्या तयार तांबड्या पेशींवर तो जवळजवळ नसतोच. आणि माणसात स्टोमॅटिन नावाचं प्रोटीन त्या ग्लूट१ ला चिकटून त्याचा कल ग्लुकोजकडून डिहायड्रो रूपाकडे वळवतं. आपल्या पूर्वजांमध्ये व्हिटॅमिन बनवायच्या शेवटच्या एन्झाइमचं जीन काही कोटी वर्षांपूर्वी मोडलं, ते मोडकं जीन आजही आपल्या डीएनएत पडून आहे, आणि बनवता येत नाही म्हटल्यावर रक्तात फिरणारी प्रत्येक तांबडी पेशी वाया जाऊ घातलेलं व्हिटॅमिन उचलून परत ताजं करण्याच्या कामाला लागली. असं वाचलं की मला उत्क्रांतीबद्दल खरंच आदर वाटतो.

मेंदूत दोन्ही वाटा एकत्र दिसतात. रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या भिंतीच्या पेशींमध्ये एसव्हीसीटी२ जवळजवळ नसतो, त्यामुळे ॲस्कॉर्बेट तिथून जात नाही, डिहायड्रो रूप ग्लूट१ मधून जाऊ शकतं. मुख्य पुरवठा होतो तो कोरॉइड प्लेक्सस नावाच्या भागातून, जिथे मेंदूभोवतीचं पाणी तयार होतं, तिथे एसव्हीसीटी२ आहे आणि त्यामुळे त्या पाण्यात रक्तापेक्षा कितीतरी जास्त व्हिटॅमिन असतं. मग न्यूरॉन आपल्या एसव्हीसीटी२ ने ते उचलतात, वापरून झालेलं डिहायड्रो रूप शेजारच्या ॲस्ट्रोसाइट पेशी ग्लूटने घेतात आणि परत ताजं करतात. आहारातून व्हिटॅमिन पूर्ण बंद झालं तरी मेंदू आपला साठा बाकी सगळ्या अवयवांपेक्षा जास्त काळ धरून ठेवतो.

इथपर्यंत आपण फक्त पेशीच्या आत आलो, सायटोसोलमध्ये, म्हणजे कप्प्यांच्या भोवती असतो त्या द्रवात. बहुतेक लेख इथे संपतात आणि माझ्या मते खरी मजा इथे सुरू होते.

एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम घेऊ, पेशीतला प्रोटीन तयार करून त्यांच्या घड्या घालणारा कप्पा, पुढे ईआर म्हणते. कोलॅजनची साखळी इथेच तयार होते आणि इथेच तिच्यातल्या प्रोलीन आणि लायसीनवर ओएच बसवला जातो. हे करणाऱ्या एन्झाइममध्ये लोह असतं, ते फेरस म्हणजे दोन प्लस असेल तरच काम चालतं, मधेच कधी ते तीन प्लस होऊन अडकतं आणि मग ॲस्कॉर्बेट त्याला इलेक्ट्रॉन देऊन परत चालू करतं. ओएच बसले नाहीत तर कोलॅजनच्या तीन साखळ्यांचा पीळ साधारण २४ अंशांनाच सुटतो, आणि आपलं शरीर ३७ अंशांवर आहे. स्कर्व्हीत, म्हणजे व्हिटॅमिन सी न मिळाल्याने होणाऱ्या आजारात, हिरड्यांतून रक्त येणं, जुनी जखम परत उघडणं, सगळं याच एका गोष्टीतून येतं. पण एन्झाइम ईआरच्या आतल्या बाजूला आहे, म्हणजे व्हिटॅमिनला अजून एक पटल ओलांडायचंय. बुडापेस्टच्या गटाने १९९० च्या दशकात ईआरचे तुकडे वेगळे काढून दाखवलं की तिथे ॲस्कॉर्बेटपेक्षा डिहायड्रो रूप खूप सहज आत जातं. आणि ईआरच्या आतलं वातावरण सायटोसोलपेक्षा जास्त ऑक्सिडायझिंग असतं, पण तिथे प्रोटीनच्या घड्या घालणारी पीडीआयसारखी प्रोटीन आहेत जी डिहायड्रो रूपाला इलेक्ट्रॉन देऊन परत ॲस्कॉर्बेट करू शकतात आणि त्या नादात स्वतः घड्या घालायला तयार होतात. एका देवघेवीत दोन कामं.

याच्याशी जोडलेला एक आजार आहे, आर्टेरियल टॉर्च्युऑसिटी सिंड्रोम, यात मोठ्या धमन्या लांबतात, नागमोडी वळतात, त्यांच्या भिंती कमकुवत असतात. २००६ मध्ये कळलं की दोष ग्लूट१० च्या जीनमध्ये आहे. नाव ग्लुकोज ट्रान्सपोर्टरचं, त्यामुळे आधी सगळ्यांचं लक्ष साखरेकडे गेलं, पण नंतरच्या कामातून दिसलं की हे प्रोटीन पेशीच्या आतल्या पटलांवर बसतं आणि डिहायड्रो रूप पलीकडे नेतं. एका गटाला ते मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या कप्प्यात दिसलं, दुसऱ्याला ईआर आणि केंद्रकाच्या आवरणाजवळ. रक्तात व्हिटॅमिन सी अगदी व्यवस्थित असूनही एका आतल्या कप्प्यापुरता स्कर्व्ही, असं याच्याकडे बघता येतं, आणि मला तो विचार पटतो.

मायटोकॉन्ड्रियाचं उत्तर अजून वादात आहे. २००५ मध्ये एका गटाने दाखवलं की डिहायड्रो रूप ग्लूट१ मधून आत जातं आणि तिथल्या डीएनएचं ऑक्सिडेशनपासून रक्षण करतं. पुढच्या दशकात दुसऱ्या गटांना मायटोकॉन्ड्रियाच्या पटलावर एसव्हीसीटी२ सापडला, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या पटलावरचाच गडी, पण आत सोडियम फार कमी असल्याने तिथे तो बराच मंद आणि कमी पकडीने चालतो. पेशीच्या प्रकारानुसार दोन्ही असू शकतं. झाडांमध्ये प्रश्न बरोबर उलटा आहे, तिथे व्हिटॅमिन सी बनवायची शेवटची पायरीच मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलावर होते आणि मग ते हरितलवकापर्यंत पोचवायचं असतं, तिथला एक ट्रान्सपोर्टर २०१५ मध्ये सापडला.

केंद्रकाचं सोपं आहे. त्याच्या आवरणाला मोठी छिद्रं असतात आणि एवढासा रेणू त्यातून सहज जातो. आत टेट नावाची एन्झाइम असतात, कोलॅजनच्या एन्झाइमच्याच जातीची, लोहवाली, ती डीएनएवरचे मिथाइल गट काढायची सुरुवात करतात आणि व्हिटॅमिन सी मिळालं की त्यांचं काम वाढतं.

आणि आता ज्याच्यासाठी हा सगळा लेख लिहायला घेतला ते. ॲड्रिनल ग्रंथी. शरीरात व्हिटॅमिन सीचं प्रमाण सगळ्यात जास्त असलेल्या जागांपैकी ही एक, आणि योगायोग नाही की आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी १९२८ मध्ये हा पदार्थ पहिल्यांदा वेगळा काढला तो गुरांच्या ॲड्रिनलमधूनही, तेव्हा त्याला हेक्सुरॉनिक ॲसिड म्हटलं होतं, १९३७ चं नोबेल त्यांना मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा. एसव्हीसीटी२ ने तिथे व्हिटॅमिन कोंबून ठेवलं होतं म्हणूनच ते हाताशी आलं.

ॲड्रिनलच्या आतल्या भागात क्रोमॅफिन पेशी असतात, त्यांच्यात बारीक बारीक पिशव्या असतात, त्यांना ग्रॅन्यूल म्हणू. डोपामिनचं नॉरॲड्रिनॅलिन या ग्रॅन्यूलच्या आतच होतं, एन्झाइम तांब्याचं, आणि प्रत्येक रेणूमागे त्याला दोन इलेक्ट्रॉन लागतात, ते देतं ॲस्कॉर्बेट. ग्रॅन्यूलमध्ये ॲस्कॉर्बेट साधारण २० मिलिमोलर असतं, खूप आहे, पण आत जमा होणारा हार्मोनचा साठा त्याच्या कितीतरी पट जास्त असतो, अर्ध्या मोलरच्या घरात. म्हणजे साठलेलं व्हिटॅमिन इलेक्ट्रॉन देऊन एकदा संपलं की काम थांबायला पाहिजे. थांबत नाही. मग नवीन व्हिटॅमिन आत येत असेल? तर नाही! आत येतो फक्त इलेक्ट्रॉन. ग्रॅन्यूलच्या पटलात सायटोक्रोम बी५६१ नावाचं प्रोटीन आरपार बसलेलं असतं, त्याच्यात दोन हीम, म्हणजे इलेक्ट्रॉन घेणारे-देणारे लोहाचे गट, एक सायटोसोलच्या बाजूला आणि एक आतल्या बाजूला. बाहेरचं ॲस्कॉर्बेट बाहेरच्या हीमला इलेक्ट्रॉन देतं, तो आतल्या हीमवर उडी मारतो, आणि तिथे वापरून अर्धवट झालेल्या व्हिटॅमिनला मिळतो की ते परत अख्खं ॲस्कॉर्बेट. भिंतीतल्या खिडकीतून पलीकडच्या माणसाच्या हातात वस्तू द्यावी आणि दोघांनीही आपापल्या खोलीतच राहावं, तसं.

आणि इलेक्ट्रॉन याच दिशेने का जातो तर ग्रॅन्यूलच्या आतला पीएच ५.५ च्या आसपास, आंबट, आणि सायटोसोलचा ७.२ च्या आसपास. या रिॲक्शनमध्ये प्रोटॉन पण गुंतलेला असल्याने आंबट बाजूला इलेक्ट्रॉन घ्यायची ओढ जास्त असते. ग्रॅन्यूल ती आंबटता एटीपी खर्च करून राखतं, हार्मोन आत ओढून घ्यायलाही तीच वापरतं आणि इलेक्ट्रॉन ओढायलाही तीच. १९८० च्या दशकात हे एक एक करून उलगडत गेलं, आणि २०१८ मध्ये त्याची माणसातली बाजू समोर आली. ज्यांच्यात या सायटोक्रोमचं जीन दोन्ही बाजूंनी बिघडलेलं आहे अशा काही रुग्णांमध्ये नॉरॲड्रिनॅलिन जवळजवळ बनतच नव्हतं, उभं राहिलं की ब्लड प्रेशर कोसळायचं. डोपामिन होतं, तांब्याचं एन्झाइम होतं, रक्तात व्हिटॅमिन सी होतं. फक्त इलेक्ट्रॉन पलीकडे देणारं ते एक प्रोटीन नव्हतं.

याच सायटोक्रोमचा एक भाऊबंद लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात असतो, डीसायटबी, २००१ मध्ये सापडला. तो तेच करतो, फक्त ग्रॅन्यूलच्या नाही तर पेशीच्या बाहेरच्या पटलावर, पेशीच्या आतल्या ॲस्कॉर्बेटकडून इलेक्ट्रॉन घेऊन बाहेर आतड्याच्या पोकळीतल्या लोहाला देतो, तीन प्लसचं दोन प्लस होतं, आणि शेजारचा लोहाचा ट्रान्सपोर्टर फक्त दोन प्लसवालंच आत घेतो. उंदरांमध्ये हे जीन काढलं तर साध्या आहारावर त्यांचं फारसं बिघडत नाही, म्हणजे लोहाला इतरही वाटा आहेत. पण लोह आणि व्हिटॅमिन सी एकत्र घ्या असं जे सांगतात ना, त्यात दोघं पोटात एकत्र भेटतात एवढंच नाही, कालपरवा खाल्लेलं आणि आता आतड्याच्या पेशीत बसलेलं व्हिटॅमिन सुद्धा पटलाच्या आतून हात लावत असतं.